वरातीची हेरल्ड

“पंखा किती डिग्रीला लागायचा म्हणालास?” अक्कानं विचारलं.

“अठ्ठ्याऐंशी.”

“मग बघ की, नव्वद झालं.”

आम्ही दोघं स्वयंपाकघरात गॅसपाशी उभे होतो. पातेल्यात पाणी तापत होतं. त्यात गाडीच्या पंख्याचा, सुतळीला टांगलेला पितळी स्विच बुडवलेला होता, शेजारी माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेला थर्मामीटर. स्विचच्या दोन तारा ओट्यावरच्या बॅटरीला आणि तिथून एका लहानशा बल्बला जोडल्या होत्या. पाणी ठरावीक तापलं की बल्ब लागायला हवा होता. तो लागत नव्हता. माझी बायको उज्ज्वला दारात उभी राहून म्हणाली, “त्या पातेल्यात मी दूध तापवते.”

“तार सैल आहे,” अक्का म्हणाली. तिनं पदराच्या टोकानं तार धरून पिळली आणि बल्ब लागला.

बावन्न वर्षांच्या माझ्या थोरल्या बहिणीनं लहान पोरीसारखी टाळी वाजवली. “लागला! भाल्या, आता कितीही हळू चालवली तरी तापायची नाही ना?”

“नाही.”

“वरातीच्या चालीनं? बँडच्या मागं?”

“तासभर जागेवर उभी केली तरी नाही. तापली की पंखा आपोआप लागणार.”

“म्हणजे टाकीच्या चौकातून पुढं जाईल.”

“जाईल की.”

“टप उघडा असताना?”

“टपाचा काय संबंध गं?”

“तसा काही नाही,” ती म्हणाली, आणि गॅस बंद केला. “पण मला उघड्या टपानंच जायचंय.”

गोष्ट दोन हजार नऊच्या दिवाळीनंतरची. आज पंधरा-सोळा वर्षं झाली. तेव्हा मी इचलकरंजीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि दीड वर्ष घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, रविवारी आणि सुट्टीत, आमच्या आप्पांची जुनी हेरल्ड गाडी उघडून बसलो होतो. मेकॅनिकी मला येत नव्हती. पुस्तकं वाचून, नट हरवून, बोटं सोलून घेऊन जेवढं जमलं तेवढं. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेचं मोल कुणी दिलं ते पुढं येईलच.

आप्पांचं सायकलचं दुकान होतं. गावातले एक डॉक्टर परदेशी निघाले तेव्हा त्यांची ही दुधी रंगाची, कापडी टपाची गाडी आप्पांनी घेतली, ती वरातीला भाड्यानं द्यायला. त्या काळात गावात उघडी गाडी एवढी एकच. टप मागं दुमडायचा, नवरानवरीला मागच्या सीटच्या पाठीवर उंच बसवायचं, म्हणजे गच्चीवरच्या बायकांनाही नवरीची नथ दिसायची. आप्पा स्वतः चालवायचे. फुलांचं काम शालनअक्काचं. ती पहाटेपासून झेंडूच्या माळा ओवायची आणि गाडीला बांधायची. आप्पांचा नियम एकच होता. “बॉनेटवर हार घाला, दाराला माळा सोडा, पाहिजे तर स्टिअरिंगला गजरा बांधा. पण पुढच्या जाळीवर फूल नको. गाडीचं नाक आहे ते.” अक्का वयाच्या बाराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या वरातीची गाडी सजवत आली, आणि सजवताना दर वेळी मागच्या सीटकडं बघायची. हे मी पाहिलेलं आहे.

तिचं लग्न एकोणऐंशीच्या मे महिन्यात झालं. मुलगा निपाणीचा, तंबाखूच्या वखारीवाल्यांचा. सकाळी अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या आणि चार वाजता वरात निघाली. नवरीच गाडीत बसणार म्हटल्यावर फुलं त्या दिवशी दुसऱ्या हातांनी बांधली गेली. ऊन असं होतं की बँडवाल्यांच्या टोप्यांतून घाम गळत होता. पाण्याच्या टाकीच्या चौकात वरात आली, पोरं नाचायला लागली, गाडी थांबली, पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. मग बॉनेटमधून वाफ आली. आधी थोडी, मग भसाभस. इंजिन बंद पडलं ते पडलंच. आप्पांनी उतरून रेडिएटरचं झाकण सोडलं तर उकळतं पाणी त्यांच्या हातावर उडालं.

चार लोकांनी हसून गाडी ढकलली असती आणि विषय संपला असता. पण सकाळी मानपानात कुणाच्या तरी फेट्यावरून नवऱ्याकडची मंडळी आधीच धुमसत होती. नवऱ्याची एक म्हातारी आत्या पुढं आली आणि भर चौकात म्हणाली, “जिच्या पायानं गाडी बंद पडती, तिच्या पायानं घर काय चालायचं?” उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण त्या जिभेनं काम केलं. आमचा मामा चिडला, आप्पा चिडले, शब्दाला शब्द लागला. तो नवरा मुलगा, ज्याच्याशी अक्काचं लग्न लागून सहा तास झाले होते, उपरण्याची गाठ सोडून गाडीतून खाली उतरला आणि आपल्या माणसांत जाऊन उभा राहिला. नंतर ते सगळे एका टेम्पोत बसून गेले.

अक्का मागच्या सीटच्या पाठीवर तशीच बसून राहिली. मुंडावळ्या बांधलेल्या, हात मांडीवर. भोवती सगळा गाव. टप उघडा होता, त्यामुळं तिला लपायला जागा नव्हती. पाऊण तासानं इंजिन निवलं तेव्हा आप्पांनी गाडी मागच्या बोळातून घरी आणली.

तिला न्यायला कुणी आलं नाही. मध्यस्थ गेले, आले, पुन्हा गेले. वर्षभरानं त्या मुलाचं दुसरं लग्न झाल्याची बातमी कळली. आप्पांनी हेरल्ड शेडमध्ये विटांवर चढवली आणि टप लावून टाकला. पुढं सात वर्षं ते जगले. अधूनमधून, जेवताना, उगाच म्हणायचे, “पाणी मी बघितलं होतं रे. गळ्यापर्यंत भरलेलं होतं.” जाताना शुद्ध हरपली होती, तेव्हाही तोंडात पाण्याचंच. आम्हाला वाटलं प्यायला मागतायत.

अक्का शिवणकाम करत माझ्याच घरी राहिली. घरातल्या एका खोलीत तिचं मशीन आणि तिची कॉट. बाजाराला जायचं तर टाकीच्या चौकातून सरळ वाट होती, पण तीस वर्षं ती मागच्या बोळातून वळसा घालून जायची.

गाडी काढायची ही कल्पना माझ्या मुलीची, केतकीची. “बाबा, आजोबांची गाडी चालू करा. माझ्या लग्नात मी त्यातूनच जाणार.” मला वाटलं होतं अक्का शेडकडं फिरकणारही नाही. पण पहिल्याच रविवारी ताडपत्री ओढायला तीच पुढं. या हेरल्डचं बॉनेट मडगार्डासकट अख्खंच्या अख्खं पुढं उलटतं. ते उलटलं आणि आत उंदरांनी केलेलं घरटं बघून ती म्हणाली, “बघ, कुणीतरी नांदलं की या गाडीत.” आणि स्वतःच हसली.

दीड वर्षात तिनं काय नाही केलं! गंजलेला पत्रा पॉलिशपेपरनं घासला, खड्डे बुजवायला पत्र्यावर लांबी लावून ती पुन्हा घासली. मी डायनामो काढून आल्टरनेटर बसवत होतो तेव्हा तारांचा नकाशा तिनं वहीत लाल-निळ्या पेन्सिलीनं काढून दिला. पुढच्या चाकांना नव्या पद्धतीचे डिस्क ब्रेक लावायचं माझं खूळ होतं. त्यासाठी मी तीनदा चुकीचे बोल्ट आणले आणि तिनं तीनदा न कुरकुरता दिवा धरला. टप तिनं स्वतः शिवला. जाड कॅनव्हास, घरचं मशीन, अकरा सुया मोडल्या. नवा विजेचा पंखा बसवायचा हट्टही तिचाच.

टप शिवतानाच तिनं एकदा विचारलं होतं. मशीन थांबवून, सुईत दोरा घालता घालता.

“भाल्या, तेव्हा का तापली असेल रे गाडी?”

“जुनी होती,” मी म्हणालो. “पाण्याचा पंप थकला असेल.”

“पंप तर आपण उघडला की परवा. चांगला निघाला.”

“मग ऊन. मे महिना होता अक्का.”

“असेल,” ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.

केतकीचं लग्न ठरलं सांगलीच्या मगदुमांकडं. डिसेंबरातली तारीख निघाली. आमच्यात नवरीबरोबर सासरी जी बाई जाते तिला पाठराखीण म्हणतात. वरातीत ती नवरीच्या शेजारी बसते. केतकीनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, “माझी पाठराखीण आत्या.” अक्का उठून आत गेली आणि पाच मिनिटांनी चेहरा धुऊन बाहेर आली. त्या आठवड्यात तिनं जांभळ्या काठाचं मोतिया लुगडं घेतलं. आयुष्यात तिनं स्वतःसाठी एवढं महाग काही घेतल्याचं मला आठवत नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी आमच्या विहीणबाई देणंघेणं बघायला आल्या. पद्मावती मगदूम. बाई बोलायला गोड. चहा घेतला, रुखवत पाहिला, शेडमध्ये जाऊन गाडीचं कौतुक केलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊ, एक विचारू का? राग मानू नका.”

“विचारा की.”

“माझी नणंद निपाणीत दिलीय. तिनं सांगितलं. ही तीच गाडी ना? आणि ह्या तुमच्या भगिनी, त्याच ना?”

“हो.”

“आमचं काही म्हणणं नाही हो. शिकलेली माणसं आपण. पण घरात म्हातारी माणसं आहेत, त्यांच्या मनाला लागतं. त्या गाडीत बसल्या आणि गाडी बंद पडली, हे तर खरंच ना? मग तीच गाडी, त्याच बाई, आणि शेजारी आमची सून. तुम्हीच सांगा. एकतर गाडी बदला, नाहीतर… बघा तुम्ही.”

आता मला जे वाक्य बोलायचं होतं ते सांगतो. ‘विहीणबाई, गाडी तिच्या पायगुणानं बंद पडली नाही. माझ्यामुळं बंद पडली.’

एवढंच. कारण त्या दिवशी गाडीला फुलं बांधणारे दुसरे हात माझे होते. एकोणीस वर्षांचा होतो. बहिणीच्या वरातीला गावानं कधी पाहिली नाही अशी गाडी सजवायची, म्हणून बाजारातून दोन पोती झेंडू आणला आणि पुढच्या जाळीवर फुलांचा पडदाच विणला. चार बोटं जाड, काठाला निशिगंध. आप्पांचा नियम मला तोंडपाठ होता. म्हटलं, एका दिवसानं काय होतंय. त्या पडद्यातून वाऱ्याची झुळूक आत शिरणार नव्हती, आणि गाडी तासभर गोगलगायीसारखी चालणार होती. वाफ आली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी धावलो. तो पडदा ओरबाडून काढला आणि गर्दीच्या पायांखाली टाकला. लोकांना वाटलं, पोरगा गाडीला मदत करतोय.

त्यानंतर मी शिक्षक झालो. पंचवीस वर्षं नववीच्या मुलांना उष्णतेचं संक्रमण शिकवलं. मोटारीच्या रेडिएटरची आकृती दर वर्षी फळ्यावर काढली आणि हवा आत येण्याचे बाण पुढून दाखवले. आप्पांना सांगितलं नाही. अक्काला नाही, उज्ज्वलाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

विहीणबाईंना मी म्हणालो, “बरोबर आहे तुमचं. मी बोलतो तिच्याशी.”

गाडी बदलायचं माझ्या मनात आलं नाही. दीड वर्ष मी ती गाडी केली होती. सगळा गाव बघणार होता.

अक्का तिच्या खोलीत केतकीच्या परकराला नाडी घालत होती. मी दारातच उभा राहिलो.

“अक्का, एक अडचण झालीय. गाडीच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जुन्या आहेत. तिघांचं वजन पेलायच्या नाहीत.”

“पाट्या तू मे महिन्यात नव्या घातल्यास,” ती म्हणाली. “मी ग्रीस लावलं त्यांना.”

“तरीपण.”

“मी अठ्ठेचाळीस किलो आहे, भाल्या.”

तिनं नाडीला पिन लावून बाजूला ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

“कोण काय म्हणालं?”

“विहीणबाई. त्यांच्याकडची म्हातारी माणसं… तुला माहीत आहे, लोक कसे असतात ते. पायगुण वगैरे.”

“पायगुण.”

“मी नाही म्हणत. लोक म्हणतात.”

“तू काय म्हणालास?”

इथंही मला ते वाक्य बोलता आलं असतं. तिच्या खोलीत फक्त आम्ही दोघंच होतो. पण मला राग आला. कशाचा ते आजही नीट सांगता येत नाही. तिच्या त्या शांत प्रश्नाचा असेल. मी म्हणालो, “काय म्हणणार? पोरीचं लग्न आहे माझ्या. तुझं एकदा जे झालं ते झालं, आता तिच्या आयुष्याला कशाला डाग लावायचा? तू बसलीस आणि समजा पुन्हा काही झालं, तर सांगायला तोंड राहील का मला? काहीतरी असल्याशिवाय का लोक बोलतात?”

शेवटचं वाक्य माझंच. ते कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं.

अक्कानं परकर पुन्हा मांडीवर ओढला आणि म्हणाली, “केतकीला काय सांगणार?”

“तू नको म्हणालीस असं सांगतो.”

“सांग.”

केतकीला मी तसंच सांगितलं. पोरगी रुसली. आत्याला गाडीत बसायची लाज वाटते का, म्हणून तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. अक्कानं ते सोसून घेतलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो तर अक्का टोपलीभर झेंडू घेऊन बसलेली. माळा ओवत होती. अंगावर रोजचं पातळ. लुगड्याची घडी मोडलीच नव्हती.

“फुलवाला येणार आहे की,” मी म्हणालो.

“त्याला गाडीचं कळत नाही.”

फुलवाला आला, आणि मगदुमांकडून आलेली दोन उत्साही पोरंही. त्यांनी बॉनेटवर हार चढवले, दारांना माळा सोडल्या. शिवाय सांगलीहून खास करून आणलेली, नवरानवरीची नावं फुलात विणलेली एक चौकट होती. ती त्यांनी पुढच्या जाळीवर बांधली. छान दिसत होती. मी जवळच उभा होतो. मला ती दिसली, पण दिसून कळली नाही असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मी म्हटलं, आता पंखा आहे.

अक्का उठली. तिच्या हातात कापड कापायची मोठी कात्री होती. ती गाडीसमोर गुडघ्यावर बसली आणि एकामागून एक दोरे कापत गेली. चौकट तिच्या मांडीत पडली. पोरं ओरडली, “अहो आत्या, काय करताय!”

“इथं फूल नको,” ती त्यांना म्हणाली. “बॉनेटवर बांधा.” ती चौकट घेऊन पोरं पलीकडं गेली. अक्का तशीच बसून होती, जाळीच्या पट्ट्यांत अडकलेल्या पाकळ्या बोटानं काढत. माझ्याकडं न बघता म्हणाली, “पंखा मागनं ओढतो. पण ओढायला पुढनं वारं पाहिजे ना. तुला कळायला हवं. तू तेव्हा केवढा गच्च विणला होतास.”

माझ्या हातातली किल्ली खाली पडली.

“तुला माहीत होतं?”

“कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना दिसला की. एवढा मोठा पडदा दिसायचा नाही होय?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू धावत आलास आणि म्हणालास, अक्का, बघ, तुझ्यासाठी केलंय. रात्रभर जागून तुझी बोटं पिवळी झाली होती.” तिनं शेवटची पाकळी काढून टोपलीत टाकली. “मी म्हटलं, राहू दे. एवढ्या हौसेनं केलंय. जवळच तर जायचंय.”

“आणि नंतर? आप्पांना तरी सांगायचंस. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की पाणी…”

“आप्पांनी तुला घरात ठेवलं नसतं, भाल्या. तुला ठाऊक आहे आप्पा कसे होते. तू सांगशील म्हणून मी वाट बघितली. पहिली काही वर्षं.”

बाहेरून विहीणबाईंची हाक आली, “भाऊ, गाडी कार्यालयाकडं काढा, उशीर होतोय!”

अक्कानं खाली पडलेली किल्ली उचलली, पदराला पुसली आणि माझ्या हातात दिली. माझ्यापुढं तेव्हाही वाट होती. तिचा हात धरून तिला बाहेर न्यायचं, विहीणबाईंच्या समोर उभं करायचं आणि ते एक वाक्य बोलायचं. मी गाडीत बसलो आणि चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

दुपारी चारला वरात निघाली. तोच रस्ता. मागं उंचावर केतकी आणि जावई, त्यांच्या शेजारी पाठराखीण म्हणून मगदुमांच्याच घरची एक पोरगी, फोनवर फोटो काढत. अक्का बायकांच्या घोळक्यात गाडीमागून चालत होती. समोरच्या लहान आरशात मला अधूनमधून तिचं रोजचं पातळ दिसत होतं. टाकीचा चौक आला. पोरं नाचायला लागली, गाडी उभी राहिली, मग दम खायला बँड थांबला. मी काट्याकडं बघत होतो. काटा चढत गेला, ऐंशी, पंचाऐंशी, आणि मग पुढून खट्ट आवाज होऊन पंखा घरघरायला लागला. काटा थांबला. मग खाली यायला लागला.

आरशात पाहिलं. अक्कानंही तो आवाज ऐकला होता. एखादं काम नीट झालं की मान हलवायची तिची सवय होती, तशी तिनं मान हलवली. बँड सुरू झाला, घोळका पुढं सरकला, बायका तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. ती चौकातच उभी राहिली. मग वळली आणि बोळाकडं चालू लागली.

गाडी कुठंही बंद पडली नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं. उज्ज्वला झोपली होती. शेडमध्ये अक्का गाडीवरची सुकलेली फुलं उतरवून टोपलीत भरत होती. टप अजून उघडाच होता. मी रात्रभर काय काय ठरवलं होतं, त्यातलं तोंडात एवढंच आलं, “अक्का, चल. बस मागं. चौकातून पुढं जाऊन येऊ. पाहिजे तर पार नदीपर्यंत.”

“आता?”

“आता. रस्ताही मोकळा आहे. कुणी बघायला नाही.”

“तेच की,” ती म्हणाली. “कुणी बघायला नाही.”

“तुझी एवढी इच्छा होती ती.”

“वरातीतून जायचं होतं, भाल्या. चार लोकांत, टप उघडा टाकून. त्याच चार लोकांत, ज्यांनी मला तिथं बसलेली बघितलं. नुसतं चौकातून पुढं काय, रिक्षापण नेते.”

तिनं स्टिअरिंगचा गजरा सोडला, टोपली कमरेवर घेतली आणि दारापर्यंत जाऊन थांबली.

“टप लाव,” म्हणाली. “धूळ बसेल.”

मी टप ओढून पुढच्या काचेला लावला आणि खटके दाबले. तिनं माप इतकं बरोबर घेतलं होतं की कुठं एक सुरकुती पडली नाही.